ऊसतोड बाईशी बोलताना काय विचारावं

बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पाहणीसाठी नव्या मुली येतात, तेव्हा त्यांच्या फॉर्मवर वेगवेगळे रकाने असतात: स्त्री, जात, व्यवसाय. मी सांगते, रकाने मागाहून भरा. आधी तिची एक अडचण धरा आणि ती कुठून कुठून येते ते विचारत जा.

पाळीचंच घ्या. कोपीला, म्हणजे फडाजवळच्या झोपडीला, मोरी नाही, संडास नाही, पाणी लांब. अंगावरून फार जातंय म्हणून बाई एक दिवस बसली, तर खाडा म्हणजे गैरहजेरी पडते आणि तिचा दंड उचलीवर, म्हणजे आधीच घेतलेल्या आगाऊ पैशांवर, चढतो. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, पण मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतो बहुतेकदा नवरा. म्हणजे दुखणं तिचं, दंड दोघांवर आणि हिशेब त्याच्याकडे. घरातली भांडणं इथूनच पेटतात. पुढे एखाद्या खासगी दवाखान्यात ‘पिशवी (गर्भाशय) काढून टाका’ म्हणतात. 2019 साली बीडमधल्या या ऑपरेशनांवरून राज्यभर गदारोळ झाला, सरकारने चौकशी समिती नेमली. ऑपरेशनसाठी कर्ज, ते फेडायला पुन्हा उचल. हे दुखणं बाईपणाचं, मजुरीचं की जमीन नसल्याचं, हे वेगळं काढून दाखवा बरं.

मग विचारा, हिच्या जागी दुसरं कुणी असतं तर? नवऱ्याला पहाटे उठून भाकरी थापायच्या नसतात. विधवा असेल तर ती अर्धा कोयता, तिला सोबत नेणारं कुणी शोधावं लागतं. दलित बाई असेल तर तिची कोपी कुठे पडलीय आणि पाण्याला तिचा नंबर कितवा, ते स्वतः बघा. पोरीचं लग्न लवकर लावणाऱ्या आईला नावं ठेवणारे मला सहन होत नाहीत. पोरीला गावी एकटं ठेवायची भीती, फडावर आणायचीही भीती, आणि लग्न झालं की नवा कोयता उभा राहतो. हे तिन्ही तिच्या एकटीच्या डोक्यावर असतं.

फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईने 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलं, त्यात बायकांच्या बाळंतपणाचे हालही होते. जात, गरिबी आणि बाईपण तिने वेगळं केलं नव्हतं. अमेरिकेत 1989 साली कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी काळ्या बायकांच्या खटल्यांवरून याच गोष्टीला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ म्हटलं.

मुकादम किंवा नवरा समोर असताना हे विचारू नका. ती चुलीपाशी एकटी असेल तेव्हा बसा, घाई करू नका. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत एका कागदावर लिहा. ऑफिसात आल्यावर त्याची ‘आरोग्य’ आणि ‘रोजगार’ अशा दोन फायलींत वाटणी करू नका.