कागद विरला की ठिसूळ झाला?

आमच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांच्या नोंदी मी करते. काही वर्षांपूर्वी एका मासिकाच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'पानं विरली आहेत.' विरली म्हणजे मऊ पडली असं धरून बाइंडरने पानं वाकवून टाके घालायला घेतली आणि शिवणीजवळ चार पानं कटकन तुटली. तेव्हापासून या शब्दांबाबत मी फार काटेकोर झाले आहे.

'विरणे' कापडाचं. धोतर धुऊन धुऊन विरतं, म्हणजे झिजून पातळ होतं, पण मऊच राहतं. खिशात फिरलेली नोटही घडीवर विरते. 'ठिसूळ होणे' याच्या उलट: वस्तू जाडीला तेवढीच दिसते, फक्त वाकायचं विसरते. वाकवली की तुटते. लाकडाच्या लगद्याच्या जुन्या कागदाचं हेच होतं. त्यातलं आम्ल तंतूंमधल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहतं. म्हणून चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाची दोनशे वर्षांची पोथी सहज उलटता येते आणि 1940 सालचं वर्तमानपत्र हातात चुरतं.

ओळखायचं कसं? कोपरा दुमडून पाहू नका, तो हातात येईल. पान उलटताना कान द्या, कोरडा करकर आवाज येतो. पुस्तक उचललं की टेबलावर तपकिरी चुरा राहतो. तो दिसला की निःशंक 'ठिसूळ' लिहा.

'ठिसूळ' हे विशेषण लिंगवचनाने बदलत नाही, बदलतं ते 'होणे': कागद ठिसूळ झाला, वही ठिसूळ झाली, पानं ठिसूळ झाली. कडा करपल्यासारख्या असून मधलं पान अजून वाकत असेल, तर 'ठिसूळ होत चालला आहे' असं लिहा. हा फरक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्या अवस्थेत पुस्तक अजून वाचवता येतं. उन्हातली प्लास्टिकची बादली, म्हातारपणातली हाडं, यांनाही हेच क्रियापद.

'पिचणे' आणि 'तडकणे' मात्र कागदाला लावू नका. दाबाने बांबू किंवा बांगडी पिचते, चीर जाते पण तुकडे सुटत नाहीत. उकळता चहा ओतल्यावर काचेचा पेला तडकतो. ही दोन्ही एका घटकेत घडतात. ठिसूळ व्हायला वर्षं जातात.

त्या मासिकाची नोंद मी नंतर पेन्सिलीने अशी बदलली: 'पानं ठिसूळ झाली आहेत. वाकवू नयेत, टाके घालू नयेत. तुटलेल्या चार पानांना जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ, चिवट कागद) लावावा, गव्हाच्या खळीने. सेलोटेप नको.'