कालमेघ, भुईआवळी कापायच्या आधी सुकवायची जागा बघा

हस्ताचा पाऊस अजून जायचाय आणि कालमेघाचं औषधी पीक कळीवर आलंय. दरवर्षी नुकसान होतं ते याच दिवसांत, आणि तेही उभ्या पिकात नाही, कापून ठेवलेल्या ढिगात. संध्याकाळी कापायचं, रात्री ढीग तसाच ठेवायचा, सकाळी पसरू म्हणायचं. सकाळी त्या ढिगात हात घालून बघा, आत चटका बसतो. वरचा पाला हिरवागार, आतला काळपट आणि कुबट. तो माल नंतर कितीही कडक वाळवला तरी गेलाच.

हा पाला यकृताच्या औषधांत जातो. पॅरासिटामॉलच्या जादा डोसाने यकृताला होणारी इजा कालमेघ आणि भुईआवळीच्या अर्कांनी कमी झाल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. म्हणून घरात कुणाला यकृतावर ताण आणणाऱ्या क्षयाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता काढा देऊ नका. आणि कुबट ढिगात वाढणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी जे अफ्लाटॉक्सिन सोडते, ते यकृताचंच विष. ते वाळवून जात नाही, उकळूनही नाही. युरोपच्या औषधसंहितेत अफ्लाटॉक्सिन बी१ची मर्यादा किलोला 2 मायक्रोग्रॅम आहे, एवढ्यावरून समजा.

नेहमीची कामं:
- कालमेघ: लावणीनंतर 90 ते 120 दिवसांत, फुलं लागताच कापणी
- भुईआवळी: 80 ते 100 दिवसांत, पाला हिरवा असताना
- तण आणि दुसऱ्या जातीची भुईआवळी आधीच उपटणे
- पुढच्या हंगामाला शेणखत हेक्टरी 10 ते 15 टन, कालमेघाचं अंतर 30 × 15 सेंमी

आता पुन्हा सुकवणीकडे. दव उडाल्यावर कापा, आणि संध्याकाळच्या आत पसरून होईल तेवढंच कापा. सारवलेल्या खळ्यावर नको, ताडपत्रीवर सावलीत पसरा. कांदाचाळ रिकामी झाली असेल तर झाडून घ्या, तिच्यासारखी हवा दुसरीकडे मिळत नाही. थर चार बोटांच्या वर नको, दिवसातून तीनदा उलटा. ओलावा 10 टक्क्यांच्या आत हवा. मीटर नसेल तर मूठभर पाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून दोन दिवस. हा माझा अंदाज, पण सहसा चुकत नाही.

दुकानदार कापणीच्या तोंडावर ‘पाला वजनदार करणारं’ टॉनिक गळ्यात मारेल. घेऊ नका. त्या पैशात ताडपत्री येते. वाळलेल्या मालावर बुरशीनाशक भुकटी तर अजिबात नको, माल घेणारी कंपनी त्याचे अवशेष तपासते.

हवामानाच्या मेघदूत अ‍ॅपवर पाऊस दाखवत असेल तर पीक उभंच राहू द्या. चार-पाच दिवसांनी कालमेघाचा कडूपणा, म्हणजे औषधी अंश, थोडा उतरेल, तेवढं चालतं. माल भरायला कोरं बारदान घ्या, युरियाच्या रिकाम्या गोण्या नकोत.