पुणे परिसरात पर्यावरणपूरक घर आखताना

पर्यावरणपूरक घर म्हटले की चर्चा लगेच मातीच्या भिंती आणि सौर पॅनेलवर येते. प्रत्यक्षात घर तापणार की थंड राहणार, याचा बराचसा निकाल नकाशा कागदावर असतानाच लागतो. म्हणून आर्किटेक्टसोबतची पहिली बैठक खोल्यांच्या मापांवर न घेता उन्हावर घ्यावी.

पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तर डिसेंबरअखेरीस दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच चढतो. दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीवर, चौकटीला लागूनच, २ फुटांचा छज्जा काढून तो दोन्ही बाजूंना थोडा वाढवला, तर मार्चपासून दुपारचे ऊन काचेला शिवत नाही आणि डिसेंबरात मात्र खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून आत येते. पश्चिमेला हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथले कलते ऊन छज्जाखालून शिरते. त्या बाजूस जिना, बाथरूम किंवा कोठीची खोली ठेवावी. वास्तुशास्त्राप्रमाणे मुख्य शयनगृह नैऋत्येलाच हवे, असा घरच्यांचा आग्रह असेल (तो बहुधा असतोच), तर पश्चिमेच्या भिंतीला कपाटे लावून खिडकी दक्षिणेला काढावी.

उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन स्लॅब खातो. त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) आणि वर पांढरे चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरश्यांच्या तुकड्यांचा थर) करावे. सौर पॅनेलला दर किलोवॉटमागे साधारण १०० चौरस फूट जागा लागते. ते उंच सांगाड्यावर बसवले तर खाली सावली मिळते आणि वाळवणे घालायला गच्चीही मोकळी राहते.

भिंतींसाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला रॅट ट्रॅप बाँड, म्हणजे विटा रचण्याची एक पद्धत, विचारात घ्यावा. यात विटा उभ्या कडेवर रचल्याने मध्ये पोकळी राहते, उष्णता हळू आत येते आणि विटाही सुमारे २५ टक्के कमी लागतात. मात्र गवंड्याकडून आधी नमुन्याची भिंत बांधून घ्यावी आणि विजेच्या पाइपांच्या जागा बांधकामाआधीच ठरवाव्यात. मागाहून झिरी मारल्यास पोकळी फुटते.

१,००० चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पावसात सुमारे ६५,००० लिटर पाणी पडते आणि गळती, बाष्पीभवन वजा जाता ५०,००० लिटरांच्या आसपास हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी पाइपाला स्वतंत्र झडप बसवावी, नंतरचे पाणी गाळून टाकीत किंवा बोअरवेलच्या पुनर्भरण खड्ड्यात न्यावे, आणि हा खड्डा सेप्टिक टँकपासून शक्य तितका दूर, चढाच्या बाजूला खणावा.