जुन्या आगबोटीवरचा पहिला बॉयलर सर्व्हे: काचेवर विश्वास ठेवण्याआधी

स्टीम एलएनजी जहाजावर (द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारं, वाफेवर चालणारं जहाज) जॉइनिंग आलं की डिझेलवर वाढलेली मंडळी आधी तोंड वाकडं करतात. दोन वॉटर-ट्यूब बॉयलर (नळ्यांत पाणी, बाहेरून आग), 60 बारच्या आसपासची वाफ, 500 अंशांच्या वरचं तापमान. धडकी भरतेच, मला अजून भरते. त्यात ही जहाजं आता उतारवयाला लागली आहेत. 2006 पासून गॅस आणि तेल दोन्हींवर चालणारी ड्युअल-फ्युएल डिझेल-इलेक्ट्रिक जहाजं यायला लागली, 2023 पासून सीआयआयची (कार्बन उत्सर्जनाची) श्रेणी मागे लागली, त्यामुळे जुन्या वाफेवर खर्च करताना मालकाचा हात आखडतो. तरी जा. वाफ हाताखालून गेलेला इंजिनियर ओरलला (तोंडी परीक्षेला) बसला की वेगळाच बोलतो.

अंतर्गत सर्व्हे, म्हणजे बॉयलर उघडून आतून तपासणी, पाच वर्षांत दोनदा आणि मधलं अंतर 36 महिन्यांहून जास्त नको, हे तुम्हाला पाठ असेल. पाठांतरात न येणारी गोष्ट म्हणजे एक बॉयलर उघडा असताना शेजारचा बहुतेक वेळा पेटलेलाच असतो. दोघांच्या मधे दोन व्हॉल्व्ह बंद, त्यांच्या मधला ड्रेन उघडा, साखळी, कुलूप, आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. कुणी म्हणालं, 'एक व्हॉल्व्ह पुरे, तो टाइट आहे,' तर सरळ नाही म्हणा. तो बोलणारा सेकंड इंजिनियर असला तरी. आधी व्हेंट उघडून आतला व्हॅक्यूम मोडा, मग वरचं मॅनहोल, खालचं त्यानंतर. आत नेलेल्या प्रत्येक पान्याची आणि चिंधीची यादी दारावर ठेवा. ड्रममधे (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीत) स्वतः न वाकणारा चीफ इंजिनियर कितीही गोड बोलला तरी त्याच्याकडून बॉयलर शिकता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आता मुद्द्याचं. सर्व्हेयरने सही केली, दारं बसली, बर्नर लागला, की सगळे सैलावतात. खरा धोका तिथून सुरू होतो, कारण मधल्या काळात गेज ग्लास (बॉयलरमधल्या पाण्याची लेव्हल दाखवणाऱ्या काचा) खोलून नव्या जॉइंटने (गास्केटने) बसवलेले असतात.

आमच्या बॉयलरवर प्रेशर चढत होतं, दोन्ही काचांत पाणी दिसत होतं, एकीत जरा जास्तच. जास्त आहे म्हणजे बरंच, असं वाटून मी निर्धास्त होतो. दापोलीकडचा आमचा फिटर मात्र तिथून हलेना. म्हणाला, "साहेब, जहाज डुलतंय नि ह्या काचेतलं पाणी हलत नाय." काच ब्लो केल्यावर, म्हणजे ड्रेन उघडून वाफ-पाणी सोडून बघितल्यावर, वाफेच्या बाजूने काहीच आलं नाही. जॉइंटचा तुकडा वाटेत बसला होता.

हे नीट समजून घ्या. वाफेची बाजू तुंबली तर काचेत अडकलेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, तिथला दाब पडतो आणि बॉयलर खालून पाणी वर ढकलतो. काच भरते. पाण्याची बाजू तुंबली तर वरून येणारी वाफ काचेत थंड होत राहते, ते पाणी साचत जातं. काच तरीही हळूहळू भरते. वाट कुठलीही बंद असो, काच पाणी जास्तच दाखवते. प्रत्यक्षात ड्रम रिकामा होत असला तरी. वॉटर-ट्यूबमधे पाण्याचा साठा इतका थोडा की चूक कळेपर्यंत ट्यूब लाल झालेल्या असतात. दोन काचा ताडून बघा म्हणतात ते ठीक, पण दोन्ही एकाच हाताने, एकाच पत्र्यातून कापलेल्या जॉइंटने बसवल्या असतील तर दोघी मिळून खोटं बोलतील.

म्हणून ब्लो करताना क्रम मोडू नका. दोन्ही बाजू बंद, ड्रेन उघडा. काही येता कामा नये. फक्त पाणी उघडा, जोर बघा, बंद करा. फक्त वाफ उघडा, जोर बघा, बंद करा. ड्रेन बंद. मग आधी पाणी उघडा. काच वरपर्यंत भरली पाहिजे. नंतर वाफ, पाणी खाली येऊन खऱ्या लेव्हलवर थांबलं पाहिजे. उतरलंच नाही तर ड्रम जास्त भरलाय. पाणी उघडूनही काच कोरडीच राहिली तर लेव्हल कनेक्शनच्याही खाली आहे. अशा वेळी फीड (बॉयलरला जाणारं पाणी) वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. आधी आग बंद. तापलेल्या ट्यूबवर पाणी पडलं तर काय होतं ते बघायला थांबू नये.

घाबरू नका, चार-सहा वेळा केलं की हात आपोआप चालतो. फक्त व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि उगाच रोज ब्लो करत बसू नका, मायका (काचेवरचा अभ्रक) झिजतो.

गळकी ट्यूब प्लग करायची (तिची तोंडं बंद करायची) वेळ आलीच तर ट्यूबला भोक पाडा, नाहीतर आत दाब कोंडतो. फर्नेसच्या भिंतीची ट्यूब प्लग करून चालत नाही, पाण्याशिवाय ती जळणार. तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागतो. टर्बाइनबद्दल ज्युनियरने एवढंच लक्षात ठेवावं: गिअरचं झाकण उघडण्याआधी सगळे खिसे रिकामे करा, वरच्या खिशातलं पेनसुद्धा.

शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी, सर्व्हेयरसमोर, वाफेवर. सुपरहीटरचा (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचा) आधी उडाला, म्हणजे उघडला, पाहिजे, ड्रमचे नंतर, म्हणजे सुपरहीटरमधून वाफ वाहत राहते. त्या दिवशी कानात प्लग घाला, हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) लावलेले गॅग (व्हॉल्व्ह उडू न देणारे अडसर) काढल्याची स्वतः खात्री करा, आणि सील लागेपर्यंत तिथून हलू नका.