भूगोल शिकवताना या चुका टाळा

“उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते.” नववीच्या वर्गात हे उत्तर हमखास मिळतं. त्यात पोरांचा दोष कमी, आपल्या फळ्याचा जास्त. मीही कित्येक वर्षं पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबुळकी काढायचो. आता एक सेंटिमीटरला एक कोटी किलोमीटर असं प्रमाण धरतो. ३ जानेवारीच्या सुमारास अंतर १४.७ सेंटिमीटर, ४ जुलैच्या सुमारास १५.२. फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर! आणि जवळ कधी, तर आपल्याकडे स्वेटर निघतात तेव्हा. दहावीला ब्राझील आहेच. तिथे बहुतेक भागात जानेवारीत उन्हाळा कसा, एवढं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग अक्षाच्या २३.५ अंशांच्या कलाकडे वळायचं.

पृथ्वीगोल आणि बल्ब घेतलात तरी सांभाळा. बल्बभोवती फिरताना आपण नकळत वळतो आणि उत्तर ध्रुव कायम बल्बकडेच कललेला राहतो. झाला, बाराही महिने उन्हाळा. वर्गातली एक खिडकी ठरवा. ध्रुवाचा रोख तिच्याकडून हलता कामा नये.

सूर्य अगदी डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा प्रयोग फसतो तो घड्याळामुळे. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो. शाळेला सुट्टी असते, पण पोरं घरच्या गच्चीवर काठी उभी करू शकतात. मात्र ‘भर दुपारी बारा’ सांगू नका. आपली प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सावली पायाशी येते ती साडेबाराच्या आसपास. बाराला पाहून “सर, सावली तर आहे” म्हणणारा मुलगा बरोबरच असतो.

नकाशाप्रमाणाचं थोडक्यात: १:१०,००,००० हा आकडा मोठा, म्हणून प्रमाणही मोठं असं मुलं ठोकून देतात. पण प्रमाण म्हणजे अपूर्णांक, खालचा आकडा मोठा तर वाटा लहान. अर्धी भाकरी मोठी की चतकोर, हे विचारा. १:५०,००० चटकन मोठं ठरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल यांच्या वह्या वेगळ्या ठेवणं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. घाट उतरून पूर्वेला माण-खटावकडे गेलं की दुष्काळ. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’, म्हणजे डोंगराच्या आड आल्याने कमी पाऊस पडणारा भाग, ही व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. स्थलांतराच्या पाठात ‘रोजगाराचा अभाव’ हेही पाठ असतं. दोन्हींची गाठ मात्र कुणी घालत नाही. त्याच पट्ट्यातल्या आटपाडी-विट्याची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात पार दक्षिणेपर्यंत पसरली आहेत. पर्जन्यछाया शिकवताना त्याच तासाला हा प्रश्न टाका: पाऊस नाही, शेती पिकत नाही, तर घरातला मोठा भाऊ कुठे जाईल? त्या भागातल्या वर्गात उत्तरासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. कुणाचा तरी काका केरळात असतोच.