दारात बोट चेमटलं, नखाखाली रक्त साकळलं, ठणका थांबेना: माझा अनुभव

मधलं बोट लोखंडी दारात चेमटलं. तासाभरात अर्धं नख काळंनिळं, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी ठणका. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

बर्फ, हात उशीवर उंच, पॅरासिटामॉल: सगळं तेवढ्यापुरतं. हळदीच्या लेपाने बोट फक्त पिवळं झालं. कातडीखालचं रक्त पसरतं. नखाखालच्या रक्ताला पसरायला जागाच नसते, म्हणून दाब वाढतो.

सकाळी डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढून हाड शाबूत असल्याची खात्री केली. मग बोट जंतुनाशकाने पुसलं, जाड सुई काळ्या भागावर उभी टेकवली आणि चिमटीत गोल फिरवत नखाला भोक पाडलं. नखाला संवेदना नसते, दुखलं नाही. काळपट रक्त वर आलं आणि ठणका तिथेच गेला. वर कोरडी पट्टी. हे पहिल्या एक-दोन दिवसांतच जमतं, पुढे रक्त गोठतं. घरी सुई तापवून करू नका, जंतुसंसर्गाची भीती असते.

डाग मात्र मुक्या मारासारखा हिरवा-पिवळा होऊन विरत नाही. नखाबरोबर पुढे सरकतो, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. मार न लागता असा डाग दिसला किंवा तो सरकतच नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.