एनएमएमएस पास झालं पोरगं, आता पैसे खात्यात येईपर्यंत काय काय करायचं

दरवर्षी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की शाळेत पेढे, स्टेटसला फोटो, फळ्यावर नावं, सगळं होतं. आणि वर्षभराने त्यातल्याच एखाद्या पोराचा बाप शाळेत येऊन विचारतो, सर ते पैसे कधी यायचे हो. मग आम्ही पोर्टल उघडतो तर फॉर्मच भरलेला नसतो, किंवा भरलाय पण डिफेक्टमध्ये, म्हणजे चूक दुरुस्त करायला परत, पडलाय आणि तारीख गेलीय. अनुदानित हायस्कूलात मास्तर आहे, हे काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे सांगतो, परीक्षा पास होणं हे अर्धंच काम, पोरं ते करतात बिचारी. उरलेलं अर्धं आपलं मोठ्यांचं असतं आणि घोळ नेमका तिथेच होतो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, केंद्राची योजना, २००८ पासून चालू आहे. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली की नववी ते बारावी चार वर्षं दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. आधी वर्षाला ६,००० होते, २०१७ पासून दुप्पट झाले. देशभरात वर्षाला १ लाख नवीन मुलं घेतात, त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आणि तोही जिल्हावार वाटलेला. म्हणजे तुमच्या पोराची स्पर्धा अख्ख्या राज्याशी नाही, आपल्या जिल्ह्यातल्या आणि आपल्या प्रवर्गातल्या मुलांशी आहे, हे घरी नीट समजावून सांगा, पुण्यामुंबईच्या क्लासवाल्या पोरांना घाबरून फॉर्मच न भरणारी मंडळी मी बघितलीत.

बसता कोणाला येतं? झेडपी, नगरपालिका, महापालिका, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांना. विनाअनुदानित इंग्लिश मीडियम, केंद्रीय विद्यालय, नवोदय, निवासी शाळा, यांना नाही. सातवीत किमान ५५ टक्के पाहिजेत, एससी एसटीला ५० चालतात. आईबापांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. दोघांचं मिळून हं, बाप शेतात आणि आई कुठे नोकरीला असेल तर दोन्ही धरायचं.

आता खरं काम. हे सातवीच्या उन्हाळी सुट्टीतच सुरू करा, आठवीच्या दिवाळीत नाही. पोराचं आधार कार्ड, शाळेचं जनरल रजिस्टर आणि बँकेचं पासबुक घेऊन बसा आणि नावाचं एक एक अक्षर जुळतंय का बघा, इंग्रजी स्पेलिंगसकट. आपल्याकडे आधारवर आधी पोराचं नाव मग बापाचं मग आडनाव, शाळेत आडनाव पहिलं, बँकेत बापाचं नाव गायब, असं सर्रास असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या नावात आधारवर एक इ जास्त होता, एक अक्षर हो, आणि तेवढ्यावर पूर्ण हंगाम आम्ही फेऱ्या मारल्या. चूक माझीच, मी आठवीच्या फॉर्मला आधार न बघता हजेरीवरून नाव टाकलं होतं. तेव्हापासून मी आधारची झेरॉक्स समोर असल्याशिवाय कीबोर्डला हात लावत नाही. जन्मतारीखही तशीच बघा, गावाकडे १ जून ही तारीख अर्ध्या वर्गाची असते ते सोडा पण तीच तारीख सगळीकडे पाहिजे.

आधारचा अजून एक मुद्दा जो कोणी सांगत नाही. पोराला १५ वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि फोटो पुन्हा अपडेट करावे लागतात, सक्तीचं आहे, आणि १५ म्हणजे बरोबर नववी दहावीचं वय. ते केलं नाही की आधार पडताळणीला अडतं आणि लोकांना वाटतं साईट खराब आहे. साईटही खराब असते ते वेगळं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे आणि तो नंबर चालू पाहिजे, दर रिचार्जला सिम बदलणाऱ्यांनी निदान चार वर्षं एक सिम जपा.

आठवीचा परीक्षेचा फॉर्म तुम्ही घरून भरू शकत नाही, तो शाळेच्या लॉगिनमधूनच जातो, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या वेबसाईटवर. त्यामुळे पालकांनी शाळेत जाऊन विचारायचं, सर नोटिफिकेशन आलं का, आणि फॉर्म भरला की प्रिंट मागायची. लाजू नका, प्रिंट मागणं तुमचा हक्क आहे. प्रिंटवर नाव, जन्मतारीख, प्रवर्ग आणि परीक्षेचं माध्यम एवढं तर बघाच. प्रवर्ग चुकला तर पोराचं नाव भलत्याच यादीत जातं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा पाहिजे, तो सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात आधीच काढून ठेवा. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर डाऊन असतो, हे आता काय नवीन राहिलं नाही.

परीक्षेबद्दल जास्त लिहित नाही, त्याची पुस्तकं बाजारात ढिगाने आहेत. दोन पेपर, प्रत्येकी ९० मार्कांचे आणि ९० मिनिटांचे. एक बौद्धिक क्षमता चाचणी, दुसरी शालेय क्षमता चाचणी, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. दोन्ही मिळून ४० टक्के, एससी एसटीला ३२, एवढे पडले की पास, पण पास म्हणजे निवड नाही, निवड मेरिटवर. माझं मत विचाराल तर बुद्धिमत्तेच्या पेपरला रोज अर्धा तास सरावाशिवाय पर्याय नाही आणि समाजशास्त्राला मुलं उगाच कमी लेखतात, ३५ मार्क आहेत, गणितापेक्षा जास्त. सातवी आठवीची बोर्डाची पुस्तकं दोनदा नीट वाचलेला पोरगा गाईडवाल्याला मागे टाकतो, हे मी चार पाच वेळा बघितलंय.

निकालाच्या वेळी आधी गुणांची यादी येते, त्यात नाव, जात, जन्मतारीख दुरुस्त करायला थोडे दिवस देतात, तेही शाळेच्या लॉगिनमधूनच. हे दिवस सोन्याचे आहेत. इथे एकदा नाव आधारप्रमाणे करून घेतलं की पुढचा त्रास निम्मा कमी. मग अंतिम निवडयादी लागते आणि पेढे वगैरे. पेढे खा. पण यादीचं ते पान प्रिंट काढून फाईलला लावा.

आता नववी. जूनमध्ये शाळा सुरू झाली की नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, फॉर्म भरायचा. हा फॉर्म भरला नाही तर परीक्षा पास होऊनही एक रुपया मिळत नाही, आणि नवीन म्हणजे फ्रेश अर्ज फक्त नववीतच होतो, दहावीत जाऊन मागचं मागता येत नाही. बरीच मुलं आठवीपर्यंत झेडपीच्या शाळेत असतात आणि नववीला हायस्कूलला जातात, तिथेच गाडी सुटते, कारण जुन्या गुरुजींना वाटतं आता नवीन शाळा बघेल आणि नव्या शाळेला माहीतच नाही की हा पोरगा एनएमएमएसवाला आहे. तेव्हा नववीला ॲडमिशन घेतानाच वर्गशिक्षकांना निवडयादीचं पान दाखवा.

पोर्टलवर पहिलं ओटीआर करायचं, म्हणजे वन टाइम रजिस्ट्रेशन, त्याचा १४ आकडी नंबर मिळतो, तो आणि पासवर्ड पुढची चार वर्षं लागणार आहे म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कॅफेवाल्याच्या मोबाईलवर नाही. मोबाईल नंबरही घरचाच टाका, कॅफेवाल्याचा टाकला की ओटीपी त्याच्याकडे आणि तुम्ही वर्षभर त्याच्या दारात. मग फॉर्ममध्ये शाळा निवडताना यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी कोड, बघून निवडा, एकाच नावाची विद्यालयं तालुक्यात दोन तीन असतात. आणि योजना एनएमएमएसच निवडा. त्याच पोराची केंद्राची दुसरी एखादी स्कॉलरशिप भरली असेल तर दोन्ही घेता येत नाहीत, आधी ठरवा कोणती ठेवायची.

बँकेचं नीट ऐका. खातं पोराच्या स्वतःच्या नावावर पाहिजे, आणि आधार लिंक असणं वेगळं आणि आधार सीडिंग म्हणजे डीबीटीसाठी, सरकारी पैसे थेट खात्यात यायला, जोडणं वेगळं. बँकेत नुसतं लिंक आहे का विचारलं तर साहेब मान हलवून हो म्हणतात. डीबीटी चालू आहे का असं विचारायचं. आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, कुठल्या बँकेला जोडलंय आणि ॲक्टिव्ह आहे का ते दिसतं. पैसे शेवटी जिथे सीडिंग झालंय त्याच खात्यात पडतात, म्हणजे मध्येच कुणी दुसरं खातं उघडून दिलं तर रक्कम तिकडे जाते आणि तुम्ही जुनं पासबुक छापत बसता. खूप फिरवाफिरवी झाली तर सरळ पोस्टमन काकांना सांगा, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत १० वर्षांवरच्या मुलांचं खातं निघतं, आधारवरच.

फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं नाही. आधी शाळा व्हेरिफाय करते, मग जिल्हा, दोन्हींची शेवटची तारीख वेगळी. माझ्या सहकाऱ्यांना हात जोडून विनंती, फॉर्ममध्ये चूक दिसली तर डिफेक्ट करा, म्हणजे पोरगा दुरुस्त करून परत पाठवू शकतो. रिजेक्ट बटण दाबलं की त्या वर्षाचा विषय संपला. आणि मुख्याध्यापक रिटायर होणार असतील तर पोर्टलवरचं प्रोफाईल आणि बायोमेट्रिक आधीच बदलून घ्या, ऐन तारखेला लॉगिन गेलेल्या साहेबांच्या नावावर असतं आणि मग जिल्ह्याला फोनाफोनी. पालकांनी दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघायचं, एसएमएसच्या भरवशावर राहू नका.

नववीनंतर दरवर्षी रिन्यूअल, विसरू नका, आपोआप होत नाही. दहावीला ६० टक्के पाहिजेत पुढे चालू राहायला, एससी एसटीला ५५. आणि अकरावी, इथे सगळ्यात जास्त मुलं गळतात. कॉलेज किंवा तुकडी विनाअनुदानित असेल तर शिष्यवृत्ती बंद, डिप्लोमाला गेलं तरी बंद. मी घेऊ नका म्हणत नाही, पॉलिटेक्निकचं भवितव्य उरलेल्या दोन वर्षांच्या २४,००० साठी सोडण्यासारखं नसतं, पण माहीत असून घ्या. एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या असतात, ॲडमिशनच्या वेळी क्लार्कला स्पष्ट विचारा. आणि कॉलेजात त्या टेबलावर एनएमएमएस हा शब्दच कुणी ऐकलेला नसतो, तेव्हा तुमच्या पोरानेच ओटीआर नंबर घेऊन उभं राहायचं.

राहिली निवड न झालेली मुलं. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा यातला पोरगा पास झाला पण मेरिटला आला नाही तर सारथीची, म्हणजे या समाजासाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेची, छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये, तीही नववी ते बारावी. त्याचा अर्ज वेगळा, तारीख वेगळी, शाळेमार्फतच जातो. आमच्याकडे मागे एका घरात मोठीला एनएमएमएस आणि धाकट्याला सारथी असं चालू होतं, त्यांच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्या तारखा लाल पेनाने लिहिल्या होत्या आणि तारीख जवळ आली की मला तीच फोन करायची, सर, लॉगिन उघडलं का.